मुदत संपलेला पट्टा, न संपलेला भरवसा

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी ‘बाहा एसएईइंडिया’ ही स्पर्धा २००७ पासून भरत आली आहे. मध्य प्रदेशातील पिथमपूर हे तिचे माहेरघर. देशाच्या कानाकोपऱ्यांतील महाविद्यालयांचे संघ वर्षभर राबतात, पोलादी नळ्यांचा सांगाडा वाकवून आणि जोडून एका आसनाची गाडी उभी करतात आणि ती खड्ड्यांतून, चिखलातून, उंचवट्यांवरून पळवतात. दर वर्षी नवी तुकडी येते. सांगाडा नवा होतो, निलंबनाची रचना नवी होते, गणिते नव्याने मांडली जातात. या सगळ्या नव्या सामानात एक वस्तू मात्र मागच्या तुकडीकडून पुढच्या तुकडीकडे वारसा म्हणून जाण्याचा धोका सर्वांत अधिक असतो. ती वस्तू म्हणजे चालकाला आसनाशी बांधून ठेवणारा पट्ट्यांचा संच, म्हणजेच हार्नेस. तो महाग असतो, दिसायला धडधाकट असतो, बकल अजूनही ‘खट्’ असा आवाज करून बसते. मग तो टाकायचा कशाला?

हा प्रश्न केवळ विद्यार्थ्यांचा नाही. जैसलमेरच्या वाळूच्या टेकड्यांवर पर्यटकांना फिरवणाऱ्या उघड्या गाड्या, गोव्याच्या पावसाळी जंगलातील चिखलस्पर्धा, केरळच्या डोंगरांतील जीपसफारी, लडाखच्या रस्त्यांवर हौसेने नेलेल्या थार, जिप्सी आणि गुरखा, या सर्वांना तो लागू आहे. शर्यतीच्या नियमांनुसार बाद झालेला हार्नेस स्पर्धेबाहेरच्या हौशी गाडीत बसवण्याची प्रथा अमेरिकेत जुनी आहे. भारतात ऑफ-रोडिंगची हौस वाढते आहे, तशी ती प्रथाही रुजू पाहते आहे. ‘शर्यतीत चालत नसेल, पण आपल्या हौसेला पुरेसा आहे,’ हा तिच्यामागील युक्तिवाद. तो वरवर शहाणपणाचा वाटतो. पदार्थविज्ञान आणि बहुवारिकांचे रसायनशास्त्र यांच्या कसोटीवर मात्र तो टिकत नाही.

प्रथम बलाचा हिशेब पाहावा. ७५ किलो वजनाची व्यक्ती ताशी ३० किलोमीटर वेगाने जात आहे आणि गाडी झाडावर किंवा कातळावर आदळते, असे समजू. हा वेग शहरातील रिक्षाचा. त्याला कुणी वेग म्हणणारही नाही. गाडीचे चेपणे आणि पट्ट्यांचे ताणले जाणे मिळून शरीराला थांबण्यासाठी अर्धा मीटर अंतर मिळाले, तर पट्ट्यांवर येणारे सरासरी बल सुमारे ५.२ किलोन्यूटन होते, म्हणजे जवळपास ५३० किलो वजनाइतके. रस्त्यावरच्या मोटारीचा पुढचा भाग अपघातात चेपला जावा अशाच बेताने आखलेला असतो. नळ्यांच्या ताठ सांगाड्याचे तसे नसते. तेथे थांबण्याचे अंतर २० सेंटिमीटरवर आले, तर तेच सरासरी बल १३ किलोन्यूटनवर, म्हणजे सव्वा टनापलीकडे जाते. ही सरासरी झाली. क्षणिक शिखर याहून उंच असते. वेग दुप्पट झाला आणि थांबण्याचे अंतर तेवढेच राहिले, तर बल चौपट होते.

मानवी शरीर एवढे बल सोसू शकते का? सोसू शकते, अट एवढीच की ते योग्य हाडांवर आणि रुंद पट्ट्यांतून यावे. अमेरिकी हवाई दलातील डॉक्टर जॉन पॉल स्टॅप यांनी १० डिसेंबर १९५४ रोजी न्यू मेक्सिकोतील हॉलोमन तळावर रॉकेटच्या घसरगाडीत स्वतःला बांधून घेतले. गाडीने ताशी १,००० किलोमीटरचा वेग ओलांडला आणि ती सुमारे १.४ सेकंदांत थांबली. त्यांच्या शरीराने गुरुत्वाच्या ४६ पट मंदन अनुभवले. डोळ्यांतील रक्तवाहिन्या फुटून काही काळ त्यांना दिसेनासे झाले; पण ते वाचले आणि पुढे रस्तासुरक्षेसाठी दशकानुदशके झटत राहिले. त्या प्रयोगाचा निष्कर्ष आजही प्रत्येक हार्नेसच्या मुळाशी आहे: माणूस घट्ट आणि नीट बांधलेला असेल तर आघातातून निभावतो. ‘घट्ट’ आणि ‘नीट’ या दोन्ही शब्दांचा भार शेवटी विणलेल्या पट्टीवर येतो.

ही पट्टी बहुधा नायलॉन किंवा पॉलिएस्टर यांच्या तंतूंची असते. दोन्ही बहुवारिके, म्हणजे लांबच लांब रेणूसाखळ्या. तंतूची ताकद या साखळ्यांच्या लांबीवर आणि त्या एका दिशेने किती नीट रचल्या आहेत यावर ठरते. सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांकडे या साखळ्यांतील काही बंध तोडण्याइतकी ऊर्जा असते. बंध तुटला की हवेतील ऑक्सिजन त्या जागी प्रतिक्रिया करतो आणि साखळी आखूड होते. नायलॉन या हल्ल्याला अधिक बळी पडतो; पॉलिएस्टर तुलनेने तग धरतो, पण अभेद्य नसतो. उष्णता ही प्रक्रिया वेगवान करते. भर उन्हात उभ्या केलेल्या गाडीत तापमान सहज ६० अंश सेल्सिअसच्या पुढे जाते.

ऊन हा एकटाच शत्रू नाही. वाळूचे कण पट्टीच्या विणीत शिरतात आणि पट्टी जितक्या वेळा वाकते तितक्या वेळा आतून तंतू कापत राहतात. चिखल वाळला की उरते ती तीच बारीक वाळू. नायलॉन पाणी शोषतो आणि ओला असताना त्याची ताकद काही प्रमाणात घटते. आम्लासमोर तर तो हतबल असतो. बॅटरीतील गंधकाम्लाचे काही थेंब, किंबहुना नुसती वाफसुद्धा, पट्टीला असे पोखरू शकते की वरून काही दिसू नये. पॉलिएस्टरला तीव्र अल्कलींचे वावडे आहे, म्हणून कडक धुलाई-रसायनांनी हार्नेस ‘स्वच्छ’ करणे हीही एक प्रकारची हानीच. ज्या गाडीत बॅटरी चालकाच्या पाठीशी असते, छत नसते आणि प्रत्येक फेरीनंतर दाबाच्या पाण्याने धुणे ठरलेले असते, त्या गाडीतील पट्टी यांपैकी बहुतेक संकटे एकाच मोसमात अनुभवते.

आता मूळ अडचण. ही झीज डोळ्यांना दिसत नाही. रंग फिका पडणे, पृष्ठभागावर लव उठणे, पट्टी कडक होणे ही धोक्याची चिन्हे आहेत. ती दिसली तर पट्टा तत्काळ काढावा. पण चिन्हे न दिसणे म्हणजे पट्टा सुरक्षित असणे नव्हे. चांगला रंग टिकून राहू शकतो आणि तंतू मात्र कमकुवत झालेला असू शकतो. शिवणीकडे तर क्वचितच कुणाचे लक्ष जाते. तो बारीक दोरा पट्टीच्या पृष्ठभागावर, थेट उन्हात असतो आणि सांधा त्याच्याच भरवशावर उभा असतो. पट्टी कितीही जाड असली, तरी संच त्याच्या सर्वांत दुबळ्या जागी तुटतो.

म्हणूनच शर्यतीच्या जगाने तारीख हा निकष स्वीकारला. अमेरिकेतील एसएफआय या संस्थेच्या प्रमाणानुसार शर्यतीच्या हार्नेसच्या पट्ट्या निर्मितीच्या तारखेपासून दोन वर्षांनी बदलाव्या लागतात. धातूचे भाग शाबूत असतील तर निर्मात्याकडून त्यांवर नव्या पट्ट्या बसवून घेता येतात. आंतरराष्ट्रीय मोटारक्रीडा महासंघाच्या, म्हणजे एफआयएच्या प्रमाणपत्राच्या हार्नेसवर साधारण पाच वर्षांनंतरचे अंतिम वर्ष छापलेले असते. भारतात मोटारक्रीडेचे नियमन करणारा एफएमएससीआय हा महासंघ याच एफआयएशी संलग्न आहे.

येथे विचारी वाचकाच्या मनात रास्त शंका येईल. एका संस्थेची मुदत दोन वर्षे, दुसरीची पाच. मग यात विज्ञान किती आणि संकेत किती? ३१ डिसेंबरच्या मध्यरात्री रेणूसाखळ्या एकदम तुटतात काय? अंधाऱ्या, कोरड्या कपाटात ठेवलेला सहा वर्षांचा हार्नेस राजस्थानच्या उन्हात वर्षभर पडलेल्या हार्नेसहून बळकट असू शकतो. मग त्याला बाद ठरवणे हा निर्मात्यांचा धंदा नव्हे काय? शिवाय नव्या पट्टीत ताकद मुबलक असते. संयुक्त राष्ट्रांच्या सीटबेल्टविषयक नियमानुसार साध्या मोटारीच्या पट्टीनेही किमान १४.७ किलोन्यूटन ताण सोसला पाहिजे, आणि हार्नेसमध्ये भार तर पाच-सहा पट्ट्यांत वाटला जातो. थोडी झीज झाली तर बिघडले कुठे?

या शंकेत तथ्य आहे आणि ते प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. तारीख हे झिजेचे मोजमाप नव्हे. ती झिजेची सोयीस्कर प्रतिनिधी आहे. पण प्रतिनिधी नको असेल तर प्रत्यक्ष मोजमाप हवे, आणि पेच नेमका तेथेच आहे. पट्टीची उरलेली ताकद मोजण्याची खात्रीची पद्धत म्हणजे ती यंत्रात तुटेपर्यंत ओढणे. मोजलेली पट्टी वापरता येत नाही आणि वापरातील पट्टी मोजता येत नाही. ज्या वस्तूची तपासणी तिचा नाश केल्याशिवाय होत नाही, तिच्यासाठी मुदत ठरवणे हा अभियांत्रिकीतील सरळ मार्ग आहे. औषधाच्या बाटलीवरील तारीखही याच न्यायाने छापली जाते. ‘मुबलक ताकदी’विषयी सांगायचे, तर ती मुबलकता पट्टा बकलात वाकतो त्या जागेसाठी, शिवणीसाठी, तिरक्या ओढीसाठी आणि क्षणिक शिखरबलासाठी आधीच राखून ठेवलेली असते. तीच पुन्हा म्हातारपणासाठी खर्च करणे म्हणजे एकच रुपया दोनदा खर्चणे.

मग मोटारीतील मूळ सीटबेल्ट गाडीच्या आयुष्यभर कसा चालतो? कारण तो निराळ्या परिस्थितीत जगतो. वापरात नसताना त्याचा बराचसा भाग गुंडाळीत, खांबाच्या आत, अंधारात असतो. अतिनील किरणांचा मोठा वाटा गाडीच्या काचा अडवतात. अमेरिकी प्रमाणानुसार या पट्टीला प्रखर कृत्रिम प्रकाशात १०० तास ठेवून मग ओढले जाते आणि मूळ ताकदीच्या किमान ६० टक्के ताकद उरली पाहिजे अशी अट असते; घर्षणाच्या चाचणीनंतर ७५ टक्के. शर्यतीचा हार्नेस उघड्यावर, कायम ताणलेला, बकलाच्या त्याच घडीत दुमडलेला असतो. त्यामुळे ‘सीटबेल्टला मुदत नाही, मग हार्नेसला का?’ ही तुलनाच चुकीच्या पायावर उभी आहे.

वयाइतकाच दुसरा मुद्दा बसवणुकीचा. १८ फेब्रुवारी २००१ रोजी डेटोना ५०० शर्यतीच्या शेवटच्या फेरीत डेल अर्नहार्ट हे ख्यातनाम चालक मृत्युमुखी पडले. त्यांच्या कमरेचा डावा पट्टा तुटलेला आढळला. नॅस्कारच्या चौकशी अहवालाने मृत्यूमागे धडकेचा वेग व कोन यांसह अनेक कारणे सांगितली. पट्ट्याविषयी त्यात म्हटले होते की, तो समायोजकातून जाताना पसरट न राहता एका कडेला गोळा झाला आणि तेथून फाटत गेला. त्या वर्षाच्या अखेरीपूर्वी नॅस्कारने डोके व मान सांभाळणारे उपकरण चालकांना सक्तीचे केले. तात्पर्य असे की, पट्टा कोणत्या कोनात ओढला जातो यावरही त्याची ताकद ठरते. जुन्या गाडीतून काढलेला हार्नेस दुसऱ्या गाडीत बसवताना नांगरबिंदू बदलतात, कोन बदलतात आणि हिशेब कुणीच करत नाही.

येथे तीन चुका वारंवार घडतात. पहिली, खांद्याचे पट्टे मागच्या फरशीला बांधणे: आघातात ते खांदे खाली ओढतात आणि मणक्यावर दाब येतो. दुसरी, मांड्यांमधला पट्टा नसलेला चार-बिंदू संच: खांद्याचे पट्टे कमरेचा पट्टा वर खेचतात, तो ओटीपोटाच्या हाडांवरून निसटून मऊ पोटावर चढतो आणि शरीर खालून सरकते. तिसरी आणि सर्वांत घातक, रोल केज नसलेल्या गाडीत हार्नेस लावणे: गाडी उलटून छत खाली आले, तर आसनाशी ताठ बांधलेल्या माणसाला बाजूला झुकण्याचीही सोय उरत नाही. रस्त्यावरच्या मोटारीतील मूळ तीन-बिंदू पट्टा आणि एअरबॅग एकमेकांच्या हिशेबाने आखलेले असतात. तो पट्टा काढून रुबाबासाठी लाल-निळा हार्नेस बसवणे म्हणजे तपासलेली व्यवस्था काढून न तपासलेली आणणे होय.

भारतातील परिस्थिती या सगळ्याला अधिक धार देते. जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्यानुसार दर १,००० मीटर उंचीला अतिनील किरणांची तीव्रता सुमारे १० टक्क्यांनी वाढते आणि ताजा बर्फ त्यांतील ८० टक्क्यांपर्यंत किरण परत फेकतो. लेह ३,५०० मीटरच्या आसपास आहे. परदेशी हवामान डोळ्यांसमोर ठेवून ठरवलेली मुदत येथे उदार ठरण्याचीच शक्यता अधिक. ती कडक आहे असे म्हणायला आधार नाही. कायदा मात्र वयाविषयी मौन पाळतो. २०१९ मध्ये सुधारलेल्या मोटार वाहन कायद्याचे कलम १९४-ब पट्टा न लावल्याबद्दल १,००० रुपये दंड सांगते. लावलेला पट्टा कधी विणला गेला, हे नाक्यावर कुणी विचारत नाही. जेथे सार्वजनिक रस्ताच नाही अशा टेकडीवर किंवा खासगी मैदानावर तर नाकाही नसतो. पर्यटन मंत्रालयाने २०१८ मध्ये साहसी पर्यटनासाठी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. परंतु मार्गदर्शक तत्त्व म्हणजे सक्ती नव्हे. तिकीट काढून आसनावर बसलेल्या पर्यटकाला पट्ट्यावरील खूणचिठ्ठी वाचता येत नाही, किंबहुना ती वाचायची असते हेच ठाऊक नसते.

उपाय अवघड नाहीत. बहुतेक यांत्रिकी आणि स्थापत्य विभागांत ताणचाचणीचे सार्वत्रिक यंत्र असते. त्यावर पोलादी सळया तोडण्याचा प्रयोग विद्यार्थी पिढ्यान्‌पिढ्या करत आले आहेत. त्याच यंत्रावर मुदत संपलेले हार्नेस तोडावेत. साध्या जबड्यांत पट्टी पकडली तर ती जबड्यापाशीच कापली जाते. म्हणून तिला गोल रुळावर वेढे देऊन धरणारी पकड लागेल, आणि तुटलेले टोक उसळते म्हणून समोर जाळी लागेल. एकाच हार्नेसमधील उन्हात राहिलेला तुकडा आणि बकलाखाली झाकलेला तुकडा शेजारी शेजारी तोडला, तरी झीज किती हे आकड्यांत दिसेल. जोधपूर, चेन्नई, लेह आणि कोकण येथील महाविद्यालयांनी अशी निरीक्षणे उघडपणे मांडली, तर भारतीय हवामानात पट्ट्या कशा म्हाताऱ्या होतात याची स्वतःची नोंद देशाकडे तयार होईल. पुण्याची एआरएआय किंवा मानेसरची आयकॅट यांसारख्या वाहनचाचणी संस्थांनी पद्धत आखून दिली, तर त्या नोंदीला वजन येईल आणि मुदत दोन वर्षांची असावी की पाच, या वादाला परदेशी संकेतांपलीकडचा आधार मिळेल.

तोवरचा व्यवहार सोपा आहे. खूणचिठ्ठी नसलेला हार्नेस मुदत संपलेला समजावा. एकदा मोठा आघात सोसलेला हार्नेस, तो नवा असला तरी, बदलावा. कारण ताणून ऊर्जा शोषण्याचे त्याचे काम एकदाच नीट होते. संघाच्या अंदाजपत्रकात हार्नेसला इंजिनतेल आणि टायर यांच्यासारखी झिजणाऱ्या वस्तूंची ओळ मिळावी. पर्यटकांना फिरवणाऱ्या व्यावसायिकांकडून परवाना देणाऱ्या यंत्रणेने पट्ट्यांची निर्मितीतारीख नोंदवून घ्यावी. आणि बाद झालेला हार्नेस विकू नये, दान करू नये, पुढच्या तुकडीसाठी कपाटातही ठेवू नये. तो प्रयोगशाळेत तोडावा, अन्यथा कात्रीने कापावा. कापलेला पट्टा कुणाच्याही छातीवर पुन्हा जात नाही.

काही हजार रुपये वाचले, याचा आनंद प्रत्येक शांत फेरीनंतर खरा वाटतो. जुना पट्टा शंभर फेऱ्यांत काहीच करत नाही, कारण त्याला काही करावे लागत नाही. त्यामुळे शंभर सुरक्षित फेऱ्या हा त्याच्या ताकदीचा पुरावा ठरत नाही. त्याची एकच परीक्षा असते, ती पूर्वसूचनेविना येते आणि तिचा निकाल आसनावर बसलेल्या माणसाला लागतो. विज्ञानाच्या विद्यार्थ्याने ही परीक्षा आधीच, यंत्रावर आणि माणसाविना घेतलेली बरी.